अस्तनीत

तळघरात, बॉयलरच्या उबेला पाठ लावून
मी उजव्या बाहीसाठी एक यंत्र जमवतो आहे.
स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरची एक सरकपट्टी
(सिर्काचा तो ड्रॉवर तेव्हापासून तिरका बसतो,
ती हवेला दोष देते),
जाळीच्या दाराची स्प्रिंग,
सायकलच्या ब्रेकची तार,
जुन्या बुटाच्या चामड्याचे दोन पट्टे:
एक मनगटाला, एक कोपराखाली.

बाहेर थंडर बे उणे अठ्ठावीस.
सरोवरावरून आलेला वारा
खिडकीच्या फटीत शीळ शिकतो आहे.

एकतीस वर्षं मी कागदगिरणीत
घराएवढे रोलर सरळ रेषेत आणले,
केसाएवढा फरक बोटाने ओळखला.
आता ही नऊ इंचांची पट्टी,
आणि ती माझं ऐकत नाही.

पहिली स्प्रिंग फार तापट होती.
बर्चच्या लाकडाचा खंजीर बाहीतून सुटला तो
थेट शेल्फावरच्या मुरंब्यात.
दुसरी इतकी भिडस्त, की खंजीर
मनगटापर्यंत आला आणि थांबला,
उंबऱ्यावर बूट काढू की नको
अशा पाहुण्यासारखा.
तिसरीची तीन वेटोळी कापली,
पट्टीच्या टोकाला रबराचा तुकडा ठोकला,
करंगळीत कडी घातली, कडीला तार.
खट्.
मूठ तळहातात.
पुन्हा. खट्.
मी एकटाच हसलो. बॉयलरही थोडा गुरगुरला.

खंजीर खरं तर नाटकासाठी होता.
चर्चच्या सभागृहात मार्चमध्ये प्रयोग,
खलनायक आमचे दातांचे डॉक्टर पेंडर.
रंगीत तालमीच्या आठवडाभर आधी
ग्रेटाने तो प्रवेशच कापला:
"विषानेच मारू या, ओर्वो. पेला आपल्याकडे आहेच."
पेंडरने माझा खांदा थोपटला,
जसा दाढ काढल्यावर थोपटतात.

म्हणजे अस्तनीतला निखारा
अस्तनीतच राहिला.

सिर्काने विचारलं, मग आता?
मी खंजीर उतरवला.
त्या जागी एक चिमटा बसवला, कपडे वाळत घालायचा,
चिमट्यात बसचा ज्येष्ठांचा पास.
ती म्हणाली, हात दाखवून अवलक्षण करशील.
म्हणाली, आणि पट्ट्याचं बक्कल
स्वतःच एक घर घट्ट केलं.

सकाळी थांब्यावर आम्ही सहा जण,
श्वासांचे सहा पांढरे खांब.
बस आली. पेल्टियर बाई चक्राशी,
नाकापर्यंत मफलर,
रोज शंभर पास बघून थकलेले डोळे.
मी पायरी चढलो, हात पुढे केला, रिकामा.
तिची भुवई उचलली गेली. करंगळी वाकवली.

खट्.

पास तिच्या नाकाखाली,
थरथरत, पण सरळ.
केसाएवढाही तिरका नाही.

तिने पासाकडे पाहिलं,
मग माझ्या बाहीकडे, मग पासाकडे.
दार मिटलं. इंजिन घरघरत राहिलं.
बस हलली नाही.

"पुन्हा," ती म्हणाली.

आता यातली अडचण अशी,
की हे यंत्र फक्त पुढे यायला शिकलंय.
मागे न्यायचं तर कोट काढा, स्वेटर काढा,
दोन्ही हात लागतात, एक स्क्रूड्रायव्हर,
आणि मुद्दाम मोजलेली साडेतीन मिनिटं.

मी हातमोजे दातात धरले.
कोट उतरवून मागच्या पोराच्या हातात दिला,
त्याने तो शहाण्यासारखा धरला.
कुणीतरी मागून विचारलं, काय चाललंय?
कुणीतरी म्हणालं, थांब, बघू दे.
स्क्रूड्रायव्हर खिशात होता.
तो मी सकाळी का घेतला असेन,
हे मला तेव्हा कळलं.
मी बाह्या सरसावल्या.