सेमिनरी हिल्सकडे तोंड

पौनीकरला होकायंत्र लागत नसे.
गोळीबार चौकातल्या कुठल्याही गच्चीवरून
डोळे मिटून दाखवायचा
सेमिनरी हिल्सचा टॉवर.
वर तो, खाली आम्ही पोट्टे:
"आलं का बे?"
"आलं! ...गेलं. थोडं गांधीबागेकडे!"

आता डबा आहे.
चित्र येतं, नाहीतर येतच नाही.
मुंग्या नाहीत,
निवेदिकेच्या खांद्यामागे
तिचीच दुसरी फिकट निवेदिका नाही.

अँटेना भंगारात गेला,
संक्रांतीच्या मांजासकट.
सव्वा किलो भरला.
पाइप तेवढा राहिला, कठड्याला तारेनं बांधलेला.
कूलरची टाकी बघायला चढला
की पौनीकर तो बोटभर फिरवतो,
पश्चिमेकडे.

परवा खालून ओरडलो, "आलं!"
दचकलाच.
"पाणी," म्हटलं, "नळाला."