ठिपका नावाचा गट

शिरोलीच्या एका फाउंड्रीत, फेब्रुवारीत,
तीनशे बारा माणसांना आम्ही नळीत फुंकायला लावलं.
"जोरात, अजून जोरात, मधे सोडू नका,"
डॉक्टर मुल्लाणी ओरडायच्या
आणि मी काटा कुठं थांबला ते लिहायची.
फेटलिंगचा सातगोंडा म्हणाला,
"बाई, शिमग्याची पिपाणी व्हय ही?"
त्याच्या त्याच हसण्याला खोकला लागला.
काटा तीनशेच्या अलीकडंच.

राजारामपुरीत, तिसऱ्या मजल्यावर,
सगळे आकडे एका फायलीत ओतले.
सरासरी आली चारशे अकरा.
खाली गल्लीत कुणीतरी किक मारत होतं,
गाडी सुरू होत नव्हती.
मॅनेजरसाहेबांचा फोन आला, "मग, ठीक ना सगळं?"
म्हटलं, ठीक.
हा शब्द तोंडातून किती सहज घरंगळतो,
आतून तेल लावल्यासारखा.

रात्री उशिरा सुचलं, फाईल फोडून बघावी.
आधी रांग लावावी लागते,
विभागाप्रमाणं, एकाखाली एक.
नाही लावली, तर एकच गट चार जागी सांडतो
आणि यंत्राला ते चार गाव वाटतात.
मग एक टिचकी.
आणि तीच तीनशे बारा माणसं
आपापल्या दारातून बाहेर आली.

ऑफिस, पाचशे दोन.
मशीन शॉप, चारशे एक्केचाळीस.
फेटलिंग, तीनशे सहा.
कोअर शॉपला एकच नाव, इंदूताई घस्ते.
तिची सरासरी म्हणजे तिचीच फुंक,
आणि विचलनाच्या रकान्यात काही नाही.
एकटं माणूस किती लांब गेलंय
ते कुणापासून मोजणार?

पण या सगळ्यांच्या वर,
ऑफिसच्याही वर,
एक गट होता ज्याचं नाव नुसता ठिपका.
माणसं एक्केचाळीस.
सरासरी दोनशे अठ्ठ्याऐंशी.

वाटलं, टायपिंगची चूक.
कपाटातून कागदी फॉर्म काढले, गठ्ठ्याची सुतळी तोडली.
विभागाच्या चौकटीत, पेन्सिलीनं,
माझंच अक्षर:
"पाठवतील तिथं."
ठेक्यावरची माणसं. आज वाळू, उद्या भट्टी,
परवा कास्टिंग फोडायला.
या उत्तराला माझ्याकडं कोड नव्हता.
रकाना मी रिकामा सोडला होता. मी.

त्या रात्री फाईल फोडलेलीच राहिली.
खिडकीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात तसं लिहून येतं,
बंद करेपर्यंत पुढचं सगळं तुकड्यातुकड्यानंच निघतं.
रविवारी कळंब्याला मामांच्याकडं बारसं होतं.
मामा मिशीवर हात फिरवत सांगत होते,
"दोनशे पानं उठली, कुणाला काय कमी पडलं न्हाई."
मी तिसऱ्या पंगतीला बसले होते,
वाढपी पोरं आणि भांडी घासणाऱ्या बायकांबरोबर.
रस्सा बराच पातळ झाला होता, मटण तळाला शोधावं लागलं.
मामा खोटं बोलत नव्हते.
मामा पहिल्या पंगतीला जेवले होते.

सोमवारी त्या चौकटीला मी नऊ नंबरचा कोड दिला.
शेजारी नाव लिहिलं: पाठवतील तिथं.
साहेबांनी सांगितलं होतं, एका पानात बसवा.
पाच पानं झाली.

परत शिरोलीला गेले, त्यातल्या काहींना गाठायला.
गेटच्या बाहेर, टपरीच्या मागं,
अंगावर काळी वाळू, पापण्यांवरही,
आडनाव विचारलं तर म्हणाला, "नुसतं परशराम लिवा."
यादीत बोट फिरवून विचारू लागला,
"आमचा गट कितवा म्हणायचा, बाई?"
म्हटलं, पहिला. सगळ्यात वर.
"आयला," तो बाकीच्यांकडं वळला,
"पहिला नंबर आलाय रं आपला."
सगळे हसले. मीही हसले, मग हसू कुठं ठेवावं कळेना.

त्यानं माझ्या पिशवीतली नळी बघितली,
शर्टाला तोंड पुसलं.
"परत फुकायचं काय?"