दार

वडगावात रात्री अकराला माग थांबतात
तेव्हा कानाला दडा बसतो, आवाज गेल्याचा.
अशाच एका थांबण्यात मला ऐकू आलं
की मांजर काही खात नाहीय.
वाटीतला तो बारका चपचपाट
रोज धोट्याच्या खटखटीखाली असायचा.
तो नव्हता.

कांडी तिचं नाव. कांड्यांच्या टोपलीतच जन्मली,
सुताशी खेळत वाढली, आणि आम्ही हसत बघितलं.

मंगळवारी ती अंग चोरून बसली,
पाय पोटाखाली, पाठीची कमान.
सासूबाई म्हणाल्या, "उन्हाळा हाय, सुस्तावली."
बुधवारी पिवळं पाणी ओकली, दोनदा.
एकदा घडी घातलेल्या साडीशेजारी,
तेव्हा सगळ्यांचं लक्ष गेलं.
साडीकडे.
गुरुवारी कांडी दिसेनाच.

कुत्रं विव्हळतं, पाय उचलून दाखवतं.
मांजर दुखणं घेऊन कोपरा शोधतं.
या घरात येऊन मला सातच महिने झाले होते,
कुठले कोपरे रिकामे असतात ते मला पाठ होतं.
म्हणून सापडली.

हनुवटी लाळेनं ओली.
तोंड उघडलं तर जिभेच्या मुळाशी
जांभळा धागा, ताठ,
दोन्ही टोकं आत.

इचलकरंजीत चौदाव्या वर्षापासून
मी हेच केलं आहे:
टोक शोधायचं, ओढायचं, गाठ मारायची.
बोटांना दुसरं काही येत नाही.
ती आपोआप पुढे झाली. जरासा ओढलाच.
कांडी ओरडली नाही.
डोळे तेवढे मोठे केले
आणि माझ्याकडे बघितलं.

टोपलीवर ओढणी बांधून रिक्षा केली.

दवाखान्यात बाकावर येळ्ळूरचा एक म्हातारा,
मांडीवर तांबडं कुत्रं, हिरड्या पांढऱ्याफटक.
औषध घातलेला उंदीर खाल्ला होता त्यानं, चार दिवसांमागं.
"काल खेळत होतं की वो," एवढंच म्हणत होता,
मला नाही, भिंतीला.

डॉक्टर हंचिनाळ बाईंनी वाकून बघितलं,
माझा हात पुन्हा टोपलीत जाताना बघितला
आणि ओरडल्या, "दार जग्गब्याड्री!"
मी दचकून दवाखान्याच्या दारापासून लांब झाले.
दार मी धरलंच नव्हतं.
रेवण मला वडगावची कानडी शिकवत होता,
पण भाजीपुरती.

बाईंनी ॲप्रनचा एक सुटलेला दोरा दाखवला.
"हे. धागा. आमच्यात दार म्हणतात.
ओढू नका म्हटलं."
मग मराठीत, सावकाश:
वरती जिभेला अडकलाय, खाली आतड्यात.
नाडी ओढल्यावर परकराच्या चुण्या पडतात ना,
तशा आतड्याला पडल्यात.
आणखी ओढलात तर कापत जाईल.

दोन तास मी बाहेर.
माझी उजवी बोटं डाव्या मुठीत धरून.

पावणेदोन हात निघाला.
ट्रेमध्ये, रक्तातही जांभळा.
तो रंग मी ओळखला. माझ्याच मागावरचा,
मीच तोडून मीच टाकलेला.
हे मी बाईंना सांगितलं नाही.
रेवणला सांगितलं, महिन्यानं.

निघाले तेव्हा बाक रिकामा होता.
कुत्र्याचं काय झालं, विचारायला पाहिजे होतं.

कांडी जगली. पोटावर केस आले,
टाक्यांची रेघ तेवढी उघडी राहिली.
आता तेलाचा जुना डबा मागाशी असतो, झाकणाचा.
तुटलेलं प्रत्येक टोक त्यात.
सासूबाई आधी म्हणाल्या, "मांजरापायी केवढं थेर!"
परवा लाईट गेली तेव्हा त्या
मोबाईलच्या उजेडात वाकून
फरशीवरून काहीतरी उचलताना दिसल्या.
मी दिसले नाही असं केलं.

रात्री रेवण अंथरुणातून विचारतो,
"दार लावलंस काय गं?"
आणि मी
आधी मागाखाली बघते.