बारदान

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच
कोपरखैरण्यात, सेक्टर पंधराच्या नाक्यावर
त्यांचा फ्लेक्स लागला:
वाणिज्य शाखा, शंभर टक्के, सलग सातवं वर्ष.
आमचे नव्वद पूर्णांक चार.
प्राचार्यांनी बोलावलं,
चहा सांगितला नाही.

"गणिताची सरासरी त्रेपन्न, सर.
चिटणिसाच्या कार्यपद्धतीची एक्क्याऐंशी.
कोरगावकर मॅडमकडून शिका काहीतरी."

मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिलो.
रकाने भरपूर होते.
कुणी काय सोडलं, त्याचा रकाना नव्हता.
त्या कॉलेजात अकरावीच्या ऑगस्टातच
पालकांना बोलावतात, गोड बोलतात,
"झेपणार नाही हो त्याला, एसपी द्या,"
आणि गणित पडतं
दुधाच्या दातासारखं,
रक्त न येता.

मी काही साधू नाही.
तनिष्का धनावडेला मीच म्हटलं होतं,
एसपी घे, भागधारकाला पत्र लिही,
ऐंशी कुठे गेले नाहीत.
ती म्हणाली, नको सर,
इंटिग्रेशन मला कळत नाही ना,
म्हणून तर.
वाक्य तिने तिथेच सोडलं.

अठ्ठावन्न पडले.
तिच्या बाकावरच्या ईशान लोटलीकरला एसपीत नव्वद,
आमच्याही छोट्या फ्लेक्सवर त्याचा फोटो आहे.
पोरगा चांगला आहे. त्याचं काही चुकलं नाही.

दुपारी तिचे वडील आले
कांदा-बटाटा मार्केटातून, पाळी संपवून,
मानेमागे गोणीने केलेला घट्टा,
बाहीला कांद्याची साल.
नोटीस बोर्डासमोर बराच वेळ उभे राहिले.
एक बोट लेकीच्या नावावर,
एक ईशानच्या.

"सर, ह्ये वजन बारदानासकट का?"

मला कळलं नाही.

"न्हाई, आमच्याकडं काट्यावर पोत्यासकट येतं,
मग पोत्याचं वजा धरतात.
न्हाईतर भिजलेलं बारदान
कांद्याच्या भावानं जाईल की.
आन् एकानं बटाटा उचलला, एकानं लसूण,
तर गोण्या मोजून
ह्यो हमाल कच्चा, असं कुणी म्हणत न्हाई."

रागावले नव्हते. खरंच विचारत होते.
जाताना म्हणाले, पुढंबी गणितच घेती म्हणं,
आणि हसले, जसं पोरीने
न विचारता काही महाग आणावं.

संध्याकाळी तक्त्यात पेन्सिलने एक रकाना आखला.
वर लिहिलं: बारदान.
खाली काय भरायचं?
नव्वदातून किती वजा,
अठ्ठावन्नाला किती माफ?
एकवीस वर्षं गणित शिकवतोय,
ही वजाबाकी मला येईना.
शेवटी खोडलं. रेघ पुसट राहिली.

टेबलावर नव्या अकरावीतली तीन नावं आहेत,
प्राचार्यांच्या अक्षरात,
पुढे एकच शब्द: समजवा.
मी अजून कुणाला बोलावलेलं नाही.
ऑगस्ट लांब आहे.