दोन बीम

एकशेवीस रुपये. वर्षाचे. दोघांचे.
फॉर्मवरचा आकडा मी तीनदा वाचला,
चष्मा पुसून चौथ्यांदा.
एवढ्यात सात रस्त्यावर दोघांचा डोसा होतो,
चहा धरला तर तोही नाही.

पुण्याहून गोवर्धनचा फोन:
"नाना, ते कामगार विम्याचं सोडून द्या आता.
माझ्या पॉलिसीत तुम्ही दोघं आहात.
पाच लाख, कॅशलेस, एसी खोली."
हप्ता अडतीस हजार आहे, मला माहीत आहे.
तो सांगत नाही, मी विचारत नाही.

त्याचं खरं आहे.
होटगी रोडच्या त्या रांगेत
अर्धं म्हातारपण मी आगाऊ भोगून घेतलंय.
सकाळी सातला चपला रांगेत लावायच्या
आणि आपण लिंबाखाली बसायचं.
नंबर आला की खिडकीतून आवाज:
"ही गोळी नाही. मंगळवारी या."
कुठल्या मंगळवारी, ते कधी सांगितलं नाही.

पण रोलरखाली माझी दोन बोटं गेली
त्या उन्हाळ्यात, याच खिडकीनं
हात बरा होईपर्यंत घरी पैसे दिले.
मालकानं एवढंच विचारलं होतं,
"माल खराब झाला का बे?"

नव्या पॉलिसीचं पुस्तक बावन्न पानांचं.
राजमणीनं ओळीखाली बोट धरून वाचलं:
आधीपासूनचे आजार, तीन वर्षांनंतर.
हसली.
"माझी शुगर वीस वर्षांची हाय.
तिला सांगते, थांब गं बाई जरा,
पोराची कंपनी तयारी करायलीय."

मग मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर रेघ मारली.
इकडे रांग लिहिली, तिकडे हप्ता.
इकडे संपलेल्या गोळ्या, तिकडे बारीक अक्षरं.
रांगेत राजमणीला तिच्या बिडी कारखान्यातल्या
बायका भेटतात, तासभर तेलुगूत बोलून
ती घरी हलकी होऊन येते,
हे कुठल्या बाजूला लिहायचं, कळेना.

चाळीस वर्षं टेरीचा माग चालवला मी.
टॉवेलाला दोन बीम लागतात.
एक ताणलेला, कंजूष. कापड उभं राहतं ते त्याच्यावर.
दुसरा सैल. त्याचे फुगे होतात,
गिऱ्हाईक हात फिरवतं ते फुग्यांवर,
वा म्हणतं, पैसे देतं.
ताणलेला कुणी बघितलेला नाही.
तो तुटला की मात्र
माग जागेवर थांबतो.

हे गोवर्धनला सांगणार होतो.
नाही सांगितलं.
म्हणाला असता, नाना, हा टॉवेल नाही.
आणि नाहीच की.

फॉर्मवर कारखान्याचा शिक्का पाहिजे.
अक्कलकोट रोडला गेलो.
गेटला कुलूप, आत माणसाएवढ्या बाभळी,
माझा माग होता तिथं कुत्री झोपलेली.
वॉचमन म्हणाला, मालक आता सोलर विकतात,
शिक्का त्यांच्या गाडीत असंल. बुधवारी या.
निदान बुधवार म्हणाला.

राजमणीनं एकशेवीस रुपये मोजून ठेवलेत,
सुटे, खिडकीवर सुटेच लागतात.
त्यांच्याशेजारी गोवर्धनचं चकचकीत कार्ड.
दोन्ही एकाच डब्यात, फडताळात वर,
ज्यात पूर्वी
साखर असायची.