पाणी वीस सेंटिमीटरवर

प्रोजेक्टर तापायला चार मिनिटं लागतात.
तेवढ्यात कॉफी, माणशी एकच बिस्कीट,
दाराशी काढून ठेवलेले रबरी बूट, अकरा जोड,
म्हणजे फ्रीसलंडच्या या कोपऱ्यातलं
अख्खं शिवार आज सभागृहात बसलंय.

मी नकाशा उघडते.
आधी विमानातून टिपलेलं चित्र: हिरव्या पट्ट्या, मधूनमधून चर,
ओल्या केसांत काढलेल्या भांगांसारखे सरळ.
त्यावर मातीचा थर. त्यावर उंचीचा.
आणि मग तो थर, जो लावला की
कुणी बिस्कीट चावत नाही:
खालचं काळं पीट दर साली किती खचतं, तो.

पर्याय एक: आहे तसंच चालू द्यायचं.
पर्याय दोन: चरांतलं पाणी वर घ्यायचं,
गवताच्या मुळांखाली वीस सेंटिमीटरवर, आणि गाई निम्म्या.
पर्याय तीन: पाणी मोकळं सोडायचं, पाणकणीस लावायचं,
ते वाळवून शहरातल्या घरांच्या भिंतींत भरायचं.
इथे कुणीतरी खोकलं.

कोपऱ्यात खांब आपोआप वरखाली होतात:
दूध, धूर, पक्षी, पैसा.
एक चढला की दुसरा बसतो.
पक्ष्यांना शून्य पूर्णांक दोन एवढंच वजन कुणी दिलं,
असं अजून कुणी विचारलेलं नाही.
मी दिलं. एका मंगळवारी, जेवायच्या आधी.

सरकपट्टी डावीकडून उजवीकडे ओढते.
डावीकडे आज, उजवीकडे पर्याय तीन,
मधली पांढरी रेघ शेतांवरून चालत जाते
आणि माझा हात थांबतो तिथे नेमकं
शाउक्ये बाउमाचं घर.
अर्धं कोरड्यात, अर्धं पाणकणसात.

"चूल कुठल्या बाजूला आली?" ती विचारते.
लोक हसतात. ती नाही.
उठून पडद्यापाशी येते, मोज्यांवर,
नखाने चित्रावर एक आडवी ओळ ओढते:
"इथे चर होता. नवऱ्याने बुजवला, एकाहत्तर साली.
त्याला तो दिसत नाही. पाण्याला दिसतो.
दर जानेवारीत तिथेच उभं राहतं."

मी ओळ काढते. संगणक घुटमळतो.
खांब हलतात,
आणि दुसरा पर्याय, जो तासभर पुढे होता,
तिसऱ्याच्या मागे जाऊन उभा राहतो.
सगळे शाउक्येकडे बघतात,
जणू तिनेच कुणाच्या तरी गाई सोडवून नेल्या.
विब्रेन टेर्प्स्ट्राने कप खाली ठेवला,
बूट चढवले आणि निघून गेला.

रात्री कार्यालयात तो नवा थर जतन करताना
यंत्र स्रोत विचारतं.
यादीत उपग्रह आहे, मोजणी आहे, अभिलेखागार आहे.
म्हातारीचं नख नाही.
मी "इतर" निवडते. मग खोडते.
मग पुन्हा "इतर".

सकाळी विब्रेनचा फोन. रागावलेला आवाज:
कुणीतरी त्याचे बूट नेलेत,
आणि याच्या पायात कुणाचे तरी बेचाळीस नंबरचे.
मी म्हणते, शोधते.
तो फोन ठेवत नाही.

"तो चर," म्हणतो. "मी नऊ वर्षांचा होतो.
ढकलगाडी मीच ढकलायचो,
फुटकी कौलं, विटा, एक मेलेलं वासरूसुद्धा टाकलंय त्यात.
पण तिने काढला तसा सरळ नव्हता तो.
विलोच्या झाडापाशी वळायचा.
डावीकडे. नाही, थांब,
माझ्या घराकडे तोंड केलं तर डावीकडे."

मी नकाशा उघडते,
त्याच्या घराकडे तोंड करते.