उम्म पूर्वा

सूरमध्ये येऊन चार महिने झाले होते तेव्हा.
शाळेत मी मॅम, आयाबाईंना टीचर,
किराणावाल्या कोचुमोनला चेची
(तो माझ्याहून दहा वर्षांनी थोरला).
सासूबाई फोनवर अजून ‘नवी’च म्हणायच्या,
लग्नाला अकरा वर्षं होऊन.
मी यांना ‘अहो’ म्हणते.
त्यात नाव नसतं,
नुसतं वळून बघायला लावणं असतं.

हलव्याच्या दुकानात खमीसनं यांना विचारलं,
तू अबू कोण?
इथं माणसाला थोरल्या लेकरावरून हाक मारतात;
नुसतं नाव घेणं म्हणजे
पाहुण्याला उंबऱ्यावर उभं ठेवणं.
हे गडबडले. मागे रांग होती.
म्हणाले, पूर्वा.
घरी येऊन मला सांगितलंच नाही.

मला कळलं ते खाडीकाठी,
जिथं अजून हातानं गलबतं बांधतात.
लाकडाचा भुसा उडत होता.
खमीसनं लांबूनच हात वर केला,
‘उम्म बूर्वा! कैफ हालिक?’
मी वळून पाहिलं, मागे कोणी बाई आहे का.
हे चपलेतली वाळू झटकायला लागले.
चपलेत वाळू नव्हती.

खरं काय ते सांगणार होते मी.
तीन शहरांतले डॉक्टर, मिरजेचा तो काढा,
हे सगळं नको, नुसतं ‘मा फी’ म्हटलं तरी चाललं असतं.
तेवढं अरबी येत होतं.
तोंडून निघालं,
‘बूर्वा नाही. प. पूर्वा.’
ओठ मिटून, उघडून दाखवले त्याला,
पहिलीच्या वर्गाला दाखवते तसे.
त्यानं तीनदा प्रयत्न केला.
बू. बू. बू.

तेव्हापासून हलव्याबरोबर
एक छोटी डबी वेगळी येते, केशराची.
कितवीत गेली, विचारतो.
हे म्हणतात दुसरीत, त्याच वेळी मी म्हणते तिसरीत.
खमीस दोघांकडे बघतो,
मग तराजूकडे.

डबी कोण खातं
ते आम्ही एकमेकांना विचारत नाही.
सकाळी ती ओट्यावर धुतलेली असते.

काल टॉवेल विसरून आंघोळीला गेले.
दाराशी जाऊन ‘अहो’ म्हणायला तोंड उघडलं
आणि म्हणाले,
‘पूर्वाचे बाबा.’

नळ थांबला.
वरच्यांचा एसी गुरगुरत राहिला.
मग आतून, रोजच्यासारखंच,
‘काय गं?’

काही नाही म्हटलं, टॉवेल.
कडीला लावलाय.